आक्कांनी गाळलेले खून

"रेटिनल डिटॅचमेंट," डॉक्टर म्हणाले आणि डोळ्यावरचा झगझगीत दिवा त्यांनी बाजूला केला. डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला एक नाजूक पडदा असतो. आपल्याला दिसणारं चित्र त्यावर उमटतं. भिंतीचा पोपडा सुटावा तसा माझ्या उजव्या डोळ्यातला तो पडदा सुटला होता. डावा डोळा लहानपणापासून नावापुरताच. म्हणजे माझं सगळं जग या एकाच डोळ्यावर चाललेलं.

"आजच अ‍ॅडमिट व्हा. आणि मान हलवायची नाही," ते म्हणाले.

मी तर चष्म्याचा नंबर बदलून घ्यायला गेले होते. आठवडाभर डोळ्यापुढे काळे ठिपके नाचत होते, मधूनच वीज चमकल्यासारखं व्हायचं, आणि मी आपली नाशिकच्या उन्हाला नावं ठेवत होते. तुम्हाला असं काही झालं, तर ऊन उतरायची वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

सत्तरच्या दशकाची अखेर होती. मी एका सरकारी कचेरीत टंकलेखक होते. दिवसभर वाचायचं आणि टाइप करायचं, घरी येऊन पुन्हा वाचायचं. मला रहस्यकथांचं वेड होतं. भाजी करपली तरी खुनी कोण ते कळल्याशिवाय मी उठत नसे.

दवाखान्यात दोन्ही डोळ्यांना पट्ट्या बांधल्या आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या. ऑपरेशनच्या आधीही आणि नंतरही असंच उताणं पडून राहायचं. खोकायचं नाही, हसायचं नाही, कूस बदलायची नाही. पाणी दुसऱ्याने पाजायचं. बेडपॅनबद्दल तर बोलायलाच नको. पहिल्या दिवशी लाजेने रडू येतं, पण रडायलाही बंदी असते.

यजमानांना सातपूरच्या कारखान्यात पाळी असायची. म्हणून माझ्या थोरल्या नणंदबाई, शेवंताआक्का, सायखेड्याहून येऊन राहिल्या. यजमानांनी माझ्यासाठी लायब्ररीतून जुन्या गाजलेल्या रहस्यकथांचा जाडजूड संग्रह आणून दिला. आक्का चौथीपर्यंत शिकलेल्या, पण वाचायच्या सावकाश आणि स्वच्छ.

पहिल्या गोष्टीत बंद खोलीत एक जमीनदार सापडला. "टेबलापाशी तो..." आक्का थांबल्या. "बेशुद्ध पडला होता."

पुढे इन्स्पेक्टर आला. बेशुद्ध माणसाच्या तोंडावर पाणी मारायचं सोडून त्याने पंचनामा केला, बायकोला उलटसुलट प्रश्न विचारले आणि डोक्यापर्यंत चादर ओढून त्या बिचाऱ्याला गाडीत घालून पाठवून दिलं. दुसऱ्या गोष्टीत एक श्रीमंत म्हातारी बेशुद्ध पडली आणि लगेच तिचं मृत्युपत्र उघडलं, त्याची आक्कांनी "चिठ्ठी" केली. मला हसू आवरेना.

"सुमन, हलू नको गं, डॉक्टर वरडतील!"

"आक्का, ती मेलीय ना?"

"आजारी माणसाच्या उशाशी बसून मेला-गेला कोण बोलतं? आपल्याला नाय जमायचं."

बोललेल्या शब्दाला वास्तू तथास्तु म्हणते, हा त्यांचा पक्का विश्वास. मग मीच जुळवून घेतलं. आक्का वाचता वाचता थांबल्या की समजायचं, मुडदा पडला. अंधारात पडल्या पडल्या ती एक करमणूक होती. बाकी सगळा वेळ एकच विचार डोक्यात, मला पुन्हा वाचता येईल का?

ऑपरेशन झालं. काही दिवसांनी डॉक्टरांनी पट्टी सोडली. "किती बोटं?" मला उजेड दिसला, उजेडात काहीतरी हललं. बोटं मोजता आली नाहीत. "बरं," एवढंच ते म्हणाले. पुन्हा पट्टी बांधली. मग त्यांच्या चपलांचा आवाज व्हरांड्याकडे गेला आणि आक्काही मागोमाग गेल्या. आपल्याच डोळ्याबद्दल बाहेर काय बोलणं चाललंय हे ऐकायला जाताही येऊ नये, ही असहायता वैऱ्याच्याही वाट्याला न येवो.

आक्का परत आल्या. स्टूल सरकवलं. पुस्तक उघडलं.

"काय म्हणाले?"

"डॉक्टर म्हनले..." आक्का थांबल्या. "समदं बरं हाय. वाचशील दोन-चार महिन्यांत."

त्या कुठे थांबतात हे मला आता पाठ झालं होतं.

"आक्का, ते जसं म्हणाले तसंच सांगा. बेशुद्ध नको."

नाक ओढल्याचा आवाज आला. "पडदा चिकटला म्हणे. मानसं दिसतील, वाट दिसंल. बारीक अक्षर दिसायचं नाय, सुमन. कधीच नाय."

मला ओरडावंसं वाटलं. पण डोकं पिशव्यांमध्ये, डोळे बांधलेले, रडले तर चिकटलेला पडदाही जायचा. मी आक्कांचा हात चाचपडून धरला. किती वेळ गेला, माहीत नाही.

"वाचा," मी म्हणाले. "जसं छापलंय तसं."

आक्कांनी नवी गोष्ट सुरू केली. त्यातही एक माणूस होता, तोही टेबलापाशी होता. त्यांचा आवाज अडखळला, पण या वेळी त्या थांबल्या नाहीत. "तो मेलेला होता," त्यांनी वाचलं आणि हुंदका देऊन रडायला लागल्या.

डॉक्टरांचे शब्द खरे ठरले. मला माणसं दिसतात, वाट दिसते. टायपिंग बोटांना पाठ आहे, म्हणून हे लिहू शकते. चुका यजमान तपासतात. डॉक्टरांचे उपकार आहेतच. पण माझ्यासारखं कुणी तुमच्या घरात पडून असेल, तर जे असेल ते त्याला सांगा, आणि सांगून झाल्यावर उठून जाऊ नका. आक्का त्या दिवशी रडत रडत ती गोष्ट शेवटपर्यंत वाचत बसल्या, माझा हात त्यांनी सोडला नाही. खुनी कोण निघाला, ते आम्हा दोघींनाही कळलं नाही.