तिची स्क्रिप्ट

धंतोलीतल्या एका खाजगी दवाखान्याचे कॉम्प्युटर मी कित्येक वर्षं सांभाळत होते. तपासण्यांचे रिपोर्ट वॉर्डात पाठवणारा प्रोग्राम अधूनमधून बंद पडायचा, म्हणून मी एक स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणाऱ्या सूचनांची छोटी फाइल, लिहिली होती. चालू असलेल्या प्रोग्रामांच्या यादीत ती त्याचं नाव शोधायची. नाही दिसलं तर त्याला पुन्हा सुरू करायची. त्या स्क्रिप्टमुळे माझं कौतुक व्हायचं, आणि मला ते आवडायचं.

मग खापरखेड्याच्या कॉलनीतून रोज येणारी एक मुलगी माझ्या हाताखाली लागली. एका दुपारी रिपोर्ट येणं थांबलं. बाहेरगावचे पेशंट ताटकळले, आणि माझी स्क्रिप्ट मात्र सगळं चालू असल्याचं सांगत होती. मी केबल तपासत बसले. तिनं यादी उघडली.

"ताई, प्रोग्राम कधीचाच मेला," ती हळूच म्हणाली. "यादीत नाव दिसून राहिलं ना, ते तुमच्या शोधाचं आहे. शोधणारी ओळ बी कधीकधी यादीत येते, अन् तिच्यातही तेच नाव असते."

तिनं नवी स्क्रिप्ट लिहिली. प्रोग्रामला सुरू होताना मिळालेला नंबर आणि सुरू झाल्याची वेळ, दोन्ही ती ताडून पाहायची. कारण मेलेल्याचा नंबर पुढे दुसऱ्याला मिळू शकतो. मोठ्या डॉक्टरांनी तिला सगळ्यांसमोर शाबासकी दिली. मी टाळ्या वाजवल्या आणि आतल्या आत जळत राहिले.

डबा खाताखाता मी तिची स्क्रिप्ट ओळ न ओळ वाचली, चूक सापडावी म्हणून. एक जागा कच्ची वाटली. वेळ ज्या ओळीतून वाचायची, तिच्यात आधी कंसात प्रोग्रामचं नाव आणि पुढे आकड्यांचे रकाने असत; त्या नावातच कंस किंवा मोकळी जागा असेल, तर पुढचे रकाने सरकतील आणि वेळेच्या जागी भलताच आकडा वाचला जाईल. मी मुद्दाम तसल्या वाकड्या नावाचा प्रोग्राम चालवला. तिच्या स्क्रिप्टनं तो बरोबर वाचला. नाव संपवणारा शेवटचा कंस गाठून मगच ती रकाने मोजत होती.

वळून पाहिलं तर ती मागेच उभी.

"मी बी असंच नाव देऊन पाह्यलं होतं, ताई," ती म्हणाली. "पहिल्यांदा माझी चुकलीच होती."

तिच्या त्या साधेपणाचा मला जास्तच राग आला.

पुढे तिला पुण्यात नोकरी लागली. निरोपाला मीच सगळ्यांत जास्त बोलले, आणि ती गेल्यावर मला मोकळं वाटलं. नव्या माणसाला स्क्रिप्ट समजावताना ती कोणी लिहिली हे मी अजूनही सांगते. सांगून झालं की लगेच पुढच्या ओळीकडे वळते.