स्वप्नातलं मरण

परवा रद्दीत स्वप्नफलाचं जुनं पुस्तक सापडलं. त्याच्या कुबट वासासरशी काळेवाडीतली एक दुपार आठवली. धाकटा भाऊ विषमज्वरानं दवाखान्यात होता, वडील त्याच्या उशाशी. घरी आलेल्या आईनं माझ्याकडून एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचून घेतली : स्वप्नात ज्याचं मरण दिसेल, त्याचं आयुष्य वाढतं.

“दार लाव गं,” ती आडवी होत म्हणाली. “घटकाभर झोप लागू दे. एकदा मेलेला दिसू दे मला तो.”

एरवी गमतीत ‘मेले’ म्हटलं तरी ती चापट मारायची. मला तिची भीतीच वाटली. आज वाटते ती तिची कीव.

मी वारा घालत राहिले. कंपनीचा भोंगा झाला. तिच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळत होतं. झोप लागली नाही.

त्याच आठवड्यात तो तिला मेलेला दिसला. तेव्हा ती टक्क जागी होती.