आतोबांची मोडून पाहण्याची पद्धत

कोणतीही गोष्ट खरी की खोटी हे ठरवण्याआधी ती कोणत्या पद्धतीने ठरवायची यावर भांडणारा माणूस अख्ख्या चांदा जिल्ह्यात एकच होता आणि तो नेमका माझ्या आत्याच्या वाट्याला आला होता. आतोबा सिंदेवाहीच्या शाळेत विज्ञान शिकवत. विज्ञान बदलतं, आणि ते बदललं की पारखण्याची रीतही बदलते, हे त्यांचं लाडकं मत. त्या रीतींचे त्यांनी तीन प्रकार पाडले होते: दाखले गोळा करणारी, दावा मोडून पाहणारी आणि सगळे मानतात म्हणून अडचणींचा ढीग होईपर्यंत चालणारी. बैलबाजारात ते विकणाऱ्याला विचारत, "बैल चांगला आहे, हे कोणत्या प्रकारानं म्हणून राह्यले तुम्ही?" तो बिचारा बैल घेऊन दुसरीकडे जाई. माझ्यासाठी मुलगी पाहायला गेलो, तर तिथेही यांनी पसंतीची व्याख्या मागितली. ते स्थळ गेलंच. मी अजूनही त्यांचा आभारी आहे, पण तो विषय वेगळा.

१९५५-५६ च्या सुमाराची गोष्ट. श्रावणात आत्याने वारुळाजवळून सात्या खुडून आणल्या. या रानातल्या अळंब्या आमच्याकडे मटणाच्या तोडीच्या मानतात. त्या वर्षी त्यांचे देठ जरा काळपट होते. भाजी शिजली, आतोबा आणि मी पाटावर बसलो आणि त्यांनी हात आखडला.

"दरसाल खाल्ल्या म्हणून यंदाच्याही चांगल्या, हे झालं गोळा करणं. एक विषारी निघाली का सारं कोसळलं. आधी मोडून पाह्यलं पाहिजे."

भाकरी गार झाल्या. त्या घरात आत्या लग्नापासून कधी आतोबांच्या आधी जेवली नव्हती. त्या दिवशी मात्र तिने ताट ओढलं आणि आमच्यासमोर चार घास खाल्ले. "घ्या, मोडून राह्यली मी!"

आतोबांचा चेहरा पांढराफटक पडला. तपासली जात होती ती सात्यांची भाजी नव्हे, आत्या होती, हे त्यांना तेव्हा कळलं. "पोटात कसं वाटते? डोळ्यांपुढं अंधारी येते काय?" ती जेवतच राहिली. मग त्यांनी मला पाटावरून उठवलं, सरकून तिच्या शेजारी बसले आणि तिच्याच ताटातली भाजी खाऊ लागले.

मी घाबरून म्हणालो, "आतोबा, अजून सिद्ध कुठं झालंय?"

"नाई झालं. हिले जे होईल ते मलेही होऊ दे."

झालं काहीच नाही. तिन्हीसांजेला आत्याने चहा टाकला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. आतोबा तर ओसरीवर बसून पोरासारखे रडले. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा ते आधी जेवू लागले, ती मागून, आणि तीन प्रकार पूर्ववत सुरू झाले.

आतोबा गेले तेव्हा भेटायला येणारे त्यांच्या विद्वत्तेच्या गोष्टी काढत होते. आत्या सगळं ऐकून घेत होती. ओसरी रिकामी झाल्यावर ती मला म्हणाली, "त्या दिवशी माह्यासंग जेवले होते रे ते."