नदीची ओटी भरताना

पुणं मागे पडलं, खंबाटकीचा घाट चढून एसटी साताऱ्याकडे धावू लागली, तेव्हा कुठे मला पटलं की मी खरंच निघाले आहे. यजमान गेल्यापासून भाजीमंडईपलीकडे पाऊल टाकलं नव्हतं. निघाले होते त्यांच्या आत्याकडे, पलूस तालुक्यात, कृष्णाकाठी. महापुरानं आत्याबाईंचं घर दोनदा धुऊन काढलं, म्हैसही नेली. तरी बाई फोनवर खळखळून हसतात. हे जमतं कसं, ते मला बघायचं होतं, कारण मला जमत नव्हतं.

साताऱ्यात कंदी पेढे घेतले. पुढे शेजारच्या सीटवरच्या बाईला नदीबद्दल नको तितके प्रश्न विचारत बसले आणि माझा फाटा मागे गेला.

"आवं ताई, घसा फोडून वरडलो की मगाशी!" कंडक्टर म्हणाला.

वडाप (माणसं कोंबून नेणारी जीप) पकडून मागे आले. आत्याबाई दारातच उभ्या होत्या.

"आलीस व्हय? मला वाटलं, पोरगीला नदीनंच न्हेलं!"

गरम भाकरी, गवारीची भाजी, शेंगदाण्याची चटणी. जेवताना समोरच्या भिंतीवर, देवळीच्याही वर, पुराची तपकिरी रेघ दिसली. रंग का लावत नाही, असं मी विचारलंच.

"पुसली तर म्होरल्या खेपंला भांडी कुटवर चढवायची, कसं कळंल?"

मला हसू फुटलं. किती दिवसांनी, कोण जाणे.

दुपारी घाटावर गेलो. पाणी पायऱ्या चढत होतं. नदी अशी वाढली की इथल्या बायका तिची ओटी भरतात. तांदूळ, खण, नारळ पाण्यात सोडतात.

"जिनं घर नेलं, तिचीच ओटी?" मी विचारलं.

"त्या म्हापुरात माळावर ट्रॉलीत बसून निस्तं पाणी बघत हुतो. हाताला कायतरी काम नगं का? लुगड्याचा पदर फाडला, त्योच खण म्हून सोडला. पाणी उतरायचं तवाच उतरलं, पर मी ताळ्यावर आले."

एवढं बोलून त्यांनी ओटीचं ताट माझ्या हातात दिलं. मी मागे सरले. ओटी सवाष्णींनी भरायची, हे मला लहानपणापासून माहीत. घाटावर कुजबुज झालीच.

"आत्याबाई, त्या कशा भरतील?" एकीनं विचारलं.

"मालक गेल्यावर मी न्हाई व्हय भरली? आन् हिच्या घरातबी म्हापूर यिऊन गेलाय. भर गं तू."

मी पाण्यापर्यंत उतरले. खण सोडला, तांदूळ सोडले आणि सगळ्यांसमोर हमसून रडले. कुणी गप्प बस म्हणालं नाही. मघाच्याच बाईनं नारळ पुढे केला.

दुसऱ्या दिवशी आत्याबाई फाट्यावर सोडायला आल्या. मला वाटलं होतं, निरोपाला काही धीराचं बोलतील. बस आली तरी त्यांची कुरकुर चालूच.

"कालचा खण लय पातळ निगाला बग. म्होरल्या साली तू पुण्यासनं चांगला आण."

बस सुटली. गेले कित्येक महिने लोक मला झालं गेलं विसर म्हणत होते. पुढच्या वर्षीचं काम मला कुणीच सांगितलं नव्हतं. मीही पुढच्या वर्षाचा विचार सोडूनच दिला होता.

पुण्यात पोचले, पिशवी घरात टाकली आणि दुकानं बंद व्हायच्या आत खण बघायला बाहेर पडले.