थर्माकोलचा पंजा

आमच्या विभागातल्या प्रयोगशाळा सहायक बाईंना सगळे मावशी म्हणतात. सव्वीस वर्षं त्यांची हजेरी मी तपासतो. उशिराची खूण एकदाही नाही. त्या सकाळी त्या माझ्या टेबलाशी आल्या आणि चाचणीत माणसाच्या हाताऐवजी ठेवतात तो थर्माकोलचा पंजा पुढ्यात ठेवला. त्याची दोन बोटं चपटी झाली होती.

"साहेब, उद्या इथं पोरीचा हात असणार."

पोर म्हणजे आमची संशोधक विद्यार्थिनी. तिच्या प्रयोगात एकाच संगणकाच्या पोटात दोन आभासी संगणक चालतात. एक यंत्राचा लोखंडी हात हलवतो, दुसरा कॅमेऱ्याची चित्रं सांभाळतो. माणसाचा हात वाटेत आला की दोन मिलीसेकंदांत थांबण्याचा हुकूम सुटला पाहिजे. उद्या पाहुण्यांसमोर ती स्वतःचा हात घालणार होती.

मी वाणिज्य शाखेचा माणूस. पण चपटी बोटं मलाही कळतात. आम्ही तिच्या मार्गदर्शक सरांच्या प्रयोगशाळेत गेलो.

"मावशी, नोंद बघा ना," पोर म्हणाली. "वीस हजार वेळा थांबलाय, एकदाही उशीर नाही. पंजा तुमच्याच हातून पडला असेल."

"पडून टवका उडतो गं, बोटं चपटी होत नाहीत. ही नोंद कुठल्या घड्याळाची?"

"त्या आतल्या संगणकाचीच."

"झोपलेल्यालाच विचारायचं, किती वेळ झोपलास म्हणून?"

सर हसले. "बाई, तुम्हाला भुतं दिसायला लागली."

मावशींनी कपाटातला जुना वेळमापक काढून यंत्राला बाहेरून जोडला. कॅमेऱ्याचं काम वाढवायला लावलं. पंजा वाटेत ठेवला आणि यंत्र तातडीने थांबवायच्या लाल बटणावर अंगठा टेकवून उभ्या राहिल्या.

चाळीस वेळा हात बिनचूक थांबला. सर चुळबुळ करू लागले. तो आत्ताच चुकावा असं मला वाटत होतं, आणि चुकेल म्हणून अंगाला घामही फुटत होता.

सत्तेचाळिसाव्या वेळी कर्रकन आवाज झाला. मावशींनी बटण दाबलं.

पडद्यावर नोंद होती दोन मिलीसेकंदांची. बाहेरच्या मापकावर एकशे ऐंशी.

"चित्रांचं काम वाढलं की हात हलवणारा संगणक मधेच थांबवला जातो," पोर पुटपुटली. "त्याचं घड्याळही तेवढा वेळ थांबतं." तिने दोन्ही हात खिशात घातले.

सर पाहुण्यांना फोन लावायला बाहेर गेले. मी मावशींना खुर्ची दिली. त्या बसेनात.

"साहेब, आधी यंत्राचा भिंतीवरचा खटका बंद करा. मग मी बटणावरचा अंगठा काढते."