निळीचा माठ आणि सरांचं सोनं

रसायनशास्त्राबद्दल माझं मत कुणी विचारत नाही, कारण मी सातवीत शाळा सोडली. तरी सांगतो. या शास्त्राचं बालपण थापांवर गेलं, आणि अजूनही थापेशिवाय त्याला कुणी चहा विचारत नाही. हे मला नव्वदच्या आसपास जुन्या जालन्यात कळलं.

मी कोकणातला. पोटासाठी इतक्या लांब येऊन एका रंगाऱ्याकडे कामाला लागलो होतो. मालक अजून निळीचा माठ ठेवायचे. नीळ, चुना, गूळ घालून आंबवलेला. माठ बरा असला की पाणी हिरवट दिसायचं. कापड हिरवं बाहेर यायचं आणि वारा लागला की निळं व्हायचं. त्या थंडीत माठ बिघडला. पाणी राखाडी पडलं, कापड रंग धरेना.

मालक म्हणाले, "ह्यो मेला तर दुकान बंद. मी जातो पोराकडं औरंगाबादला, तू जा तुझ्या घरी."

घरी आईनं गावभर सांगून ठेवलेलं, पोरगा कामाला चिकटला म्हणून. मी विचारलं, काही इलाज नाही का?

मालकांच्या मते इलाज एकच, त्यांच्या आज्यापासूनचा. माठ बिघडला की गल्लीत जबरी अफवा सोडायची. लोकांना ती खरी वाटली की माठ सुधारतो.

"मोठी सोड. पन कुनाचं वाटोळं व्हाया नको, बराबर?"

समोरच्या माडीवर कॉलेजातले केमिस्ट्रीचे सर भाड्यानं राहायचे. वर्षानुवर्षं संशोधन करत होते. कशावर, हे विचारायची गरज गल्लीत कुणाला वाटली नव्हती. मी चहाच्या गाड्यावर हळूच म्हणालो, "सरांनी पितळेचं सोनं केलं म्हणे."

दुपारपर्यंत आडतीवरचे शेटजी सरांना वाकून नमस्कार करू लागले. एक काकू पितळी तांब्या घेऊन त्यांच्या जिन्यातच बसल्या. "सर, येवढाच करून द्या. दुसऱ्या कुनाला सांगत न्हाई."

संध्याकाळी सर दुकानात आले. "कुणाचं डोकं हे?"

मालकांनी मला बिनदिक्कत पुढं ढकललं. "ह्याचं. माठासाठी करावं लागलं, सर."

सगळं ऐकून सर हसत सुटले. "अरे, आमच्या केमिस्ट्रीच्या पूर्वजांनी शेकडो वर्षं हेच केलं. राजाला सांगायचं, सोनं होऊन राह्यलं, जरा दम धरा. त्या नादात भट्ट्या आल्या, तेजाब आलं. सोनं तेवढं राहून गेलं." मग माठात डोकावले. "गारठलाय हा. आंबवणारे जंतू उपाशी आहेत. गूळ घाला, वर गोधडी टाका."

"सुधरन तर अफवेनंच," मालक म्हणाले. "पन टाक रे गोधडी. तिला काय खर्चा न्हाई."

दोन दिवसांनी पाणी हिरवट झालं. श्रेय कुणाचं, यावर दोघांची जुंपली. मी सरांना विचारलं, "आता गल्लीत खरं सांगून टाकू?"

"थांब जरा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझं संशोधन विचारलं. शेटजींना सरकीच्या तेलाचं सगळं समजावलं. शांतपणे ऐकलं त्यांनी."

"मग?"

"मंग विचारलं, तेलाच्या एका डब्यातून सोनं किती निघतं?"

मालकांनी माझ्या हातात एक पांढरं लुगडं दिलं. त्या माठात आजवर त्यांनी कुणाला हात घालू दिला नव्हता. "बुडव. हितून पुढं माठ तूच बघायचा."

मी तोंड फिरवून डोळे पुसले.

"तोंड मागनं पूस! कापड वर आलं ना! दाब खाली!"

मी दोन्ही हातांनी दाबलं.