कांद्याच्या वखारीतला बाहुल्यांचा सिनेमा

माझा समोरचा एक दात सोन्याचा आहे. मूळचा दात कंपनीत पाना निसटून तुटला, असं मी पोरांना सांगत आलोय. खोटं आहे ते. तो मोशीत, कांद्याच्या वखारीत, भर दुपारी सिनेमा बघताना तुटला. सिनेमा विनोदी होता.

पन्नास सालानंतरची गोष्ट. पिंपरीला तेव्हा कारखाने नुकते उभे राहत होते. मी साताऱ्याकडचा, एका नव्या कंपनीत फिटरच्या हाताखाली लागलो होतो. पक्की नोकरी बघून मोशीच्या एका बागायतदारानं मला मुलगी दिली. वर्षाच्या आत मी त्यांच्या पारखीचं चीज केलं. एका सकाळी पहिल्या शिफ्टचा भोंगा झाला, डबा झाला नव्हता, आणि मी तिच्या कानाखाली वाजवली. एकच. हे ‘एकच’ मी पुढे तीन आठवडे भेटेल त्याला ऐकवत होतो, जणू मोठी सवलतच दिली होती. ती दुसऱ्या दिवशी ट्रंक घेऊन माहेरी गेली.

चौथ्या रविवारी तिला आणायला निघालो. इस्त्रीचा शर्ट, सायकलच्या हँडलला पेढ्यांची पिशवी. सासऱ्यांनी पाणी दिलं. ‘येते का’ असं मी विचारलं. म्हणाले, “बोलू मागनं, पाव्हणं. आज वखारीत शिनेमा हाय.”

सरकारी शेतीप्रचाराची गाडी आली होती. आधी खतावरची फिल्म, मग लोक बसून राहावेत म्हणून एक गमतीची. दुपारी अंधार हवा म्हणून सासऱ्यांची कांद्याची वखार निवडलेली, दारं-झरोके गोणपाटानं बंद. आत इतका उग्र वास की सिनेमा सुरू व्हायच्या आधीच सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी.

सिनेमा बाहुल्यांचा होता. ढेरपोट्या नवरा, काटकुळी बायको, नवऱ्याची सासू आणि एक डुक्कर. सगळी लाकडाची, आणि तरी चालत होती, जेवत होती, आणि एकमेकांना बडवत होती. सासूनं जावयाचं डोकं पातेल्यात कोंबलं. डुकरानं सासूला छपरावर उडवलं. गाव हसून लोळत होतं, आणि मतं तर आपोआप बाहेर पडत होती.

“दोऱ्या हायेत राव, काळ्या रंगवल्यात.”

“कसल्या दोऱ्या? करणी हाय ही.”

बायकांच्या बाजूनं एक म्हातारी मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, “सासू बाकी आमच्या इहिणीवानी हाय!”

मग ढेरपोट्यानं उलथनं उचललं आणि बायकोच्या डोक्यात घातलं. तिचं मुंडकं चार वेळा गरागरा फिरलं आणि टक्कन जागेवर आलं. वखार हसली. मीही हसलो. माझं हसणं मुळात वाईट, बंद पडता पडता पुन्हा धडधडणाऱ्या इंजिनासारखं. बाकीच्यांचं थांबलं आणि अंधारात माझं एकट्याचं उरलं.

मागे माझा मेव्हणा बसला होता. तालमीतला गडी.

“काय दाजी, लई हसाय येतंय?”

“अरे, सिनेमा आहे.”

“आक्काला मारली तवाबी असंच हसला व्हता का?”

माझी बाजू सावरायला एक चुलतसासरे मध्ये पडले. “नवरा हाय बाबा. द्यावाच लागतो एखादा.” हे मत त्यांना महागात पडलं. मेव्हण्याची पहिली बुक्की त्यांच्या नाकावर बसली, दुसरी माझ्या तोंडावर. त्यांचे दोन मुलगे उठले. मग कोण कोणाला मारतोय ते कळेना. मुठीएवढे कांदे कपाळावर फुटत होते. कुणीतरी माझे केस धरून मला ढिगात खुपसलं, पोटात लाथ घातली. मी एक दंड चावला, तो बहुतेक चुलतसासऱ्यांचाच असावा. मशीनवाला मशीनला मिठी मारून बोंबलत होता. सिनेमा मात्र चालूच. उलथनं उगारलेला ढेरपोट्या आमच्या रक्ताळलेल्या शर्टांवरून धावत होता.

सासऱ्यांनी दाराचं गोणपाट फाडून काढलं. ऊन आत आलं तसे हात थांबले. एक मोडकं नाक, एक वाकडी करंगळी, माझा दात. पेढ्यांवर कुणीतरी बसलेलं.

आणि गाव बघा! रक्त पुसता पुसता पहिला प्रश्न, “त्या दोऱ्यांचं काय ते सांग आधी.”

मशीनवाल्यानं मशीन अजून सोडलं नव्हतं. “दोऱ्या नाहीत हो. बाहुली ज्वारीच्या दाण्याएवढी सरकवायची, थांबायचं, फोटो घ्यायचा. परत दाण्याएवढी. तो उलथन्याचा एक फटका म्हणजे वीस वेळा तरी थांबावं लागतं.”

बायकांच्या घोळक्यातून माझी बायको पुढे आली. थोरामोठ्यांसमोर ती कधी बोलायची नाही.

“ईस येळा थांबत्यात?”

“हो ताई.”

“म्हंजी एकुणिसाव्या येळंलाबी हात खाली घेता येतोय?”

“येतो की.”

ती माझ्याकडे वळली. “तुमी एकदाबी थांबला न्हाईत.”

माझं तोंड रक्तानं भरलं होतं, ही सोयच झाली.

त्या दिवशी ती आली नाही. पुढच्या रविवारी गेलो, त्याच्या पुढच्याही. सासरे पाणी द्यायचे, मेव्हणा अंगणात मुद्दाम जोर काढत बसायचा. दिवाळी झाल्यावर ती आली. ट्रंक मेव्हण्याच्या डोक्यावर होती आणि त्याची नजर माझ्यावर.

पुन्हा कधी हात उचलला नाही, असं लिहायला आवडलं असतं. उचलला. भोंगा वाजत होता, डबा झाला नव्हता. ती मागे सरली नाही. माझ्या हाताकडे बघत म्हणाली, “एक.” मग, “दोन.” घाई नाही, रडणं नाही. सातला मी हात खाली घेतला. कामावर उपाशी गेलो. मोजायची वेळ तिच्यावर पुन्हा आली नाही.

खूप वर्षांनी एकदा मी तिला विचारलं, “तो सिनेमा तुला कसा वाटला होता गं?” दोनदा विचारावं लागलं. मी तिच्या डाव्या बाजूला बसलो होतो, आणि त्या कानानं तिला त्या पहिल्या सकाळपासून कमी ऐकू येतं.

“बाहुलीचं बरं,” ती म्हणाली. “तिचं मुंडकं जागेवर आलं.”